दोन्ही बाजूंनी रंगवलेले अंक

आदरणीय दादांना,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कमरेचं दुखणं गेलं, त्यामुळे नमस्कार खरोखरच वाकून आहे.) तुमची तब्येत, वहिनींचा खोकला आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची गळती हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. हे पत्र ज्या टेबलावर ठेवून लिहितो आहे ते टेबल, ज्यावर बसलो आहे ते स्टूल, माझ्या उजव्या हाताचं तीन खणांचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ (आतलं यंत्र सोडून), हिच्या शिवणयंत्राचा पायडल, धाकटीची सायकल (चाकं सोडून), कपडे वाळत घालायची कप्पीवर चढणारी दांडी आणि बाहेरच्या दाराची कडी, हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. कुणी शिकवलं नाही. सातवीनंतर शाळेनं मला आणि मी शाळेला त्रास देणं थांबवलं. पुढे जे आलं ते बघून, उघडून आणि परत जोडून आलं. (परत जोडताना दोन-तीन स्क्रू उरतात, असं ही म्हणते. जे उरतात ते मूळच्या कारागिरानं गरजेपेक्षा जास्त लावलेले असतात.) ही यादी बढाई म्हणून दिलेली नाही. यादीत एक वस्तू मुद्दाम घातलेली नाही, आणि हे पत्र त्या वस्तूबद्दल आहे. ती म्हणजे स्थानमानाची चौकट.

ताईनं गेल्या आठवड्यात तुम्हाला फोन केला आणि तुम्ही जोरात हसलात, हे मला माहीत आहे. फोन आमच्याच घरून झाला होता. मी आतल्या खोलीत एक पट्टी कानशीनं घासत होतो आणि तुमचं हसणं कानशीच्या आवाजाच्या वरून ऐकू आलं. हसण्याबद्दल तक्रार नाही, तुम्ही वडीलधारे. पण ताईनं हकिगत शेवटाकडून सुरू केली, आणि शेवटाकडून सुरू केली तर कुठलीही हकिगत हसण्यासारखीच वाटते. म्हणून मी ती सुरुवातीपासून, क्रमानं आणि मापांसकट पाठवतो आहे. वाचून झाल्यावरही हसू आलं तर हसा, फक्त वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवू नका.

तुम्ही इथून गेलात तेव्हा बटणांचा कारखाना नुकता सुरू झाला होता, त्यामुळे आतली पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. मी दुरुस्ती खात्यात आणि ताई पॅकिंगमध्ये. पॅकिंगमध्ये लांबच लांब टेबलं आहेत आणि बायका तिथे उभ्यानं काम करतात. दहा बटणं झाली की ती एका पुठ्ठ्यावर टाचायची. दहा पुठ्ठे झाले की एक डबी. दहा डब्या झाल्या की एक खोका. पुठ्ठा न भरता उरलेली बटणं ती सुटी, ती वाटीत. (बटणं डझनानं मोजतात असं तुम्ही म्हणाल. आमच्या मालकांचं म्हणणं आहे की बारा बोटांची कामगार मिळाली की तेही डझनानं मोजतील.) ताई हे काम बावीस वर्षं करते आहे. आता तिचे गुडघे बोलायला लागले आहेत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की बसून करायचं काम बघा, नाही तर काम सोडा. आमच्या कारखान्यात बसून करायचं काम एकच, गोदामातल्या स्टोअरकीपरचं, आणि जुने स्टोअरकीपर दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. म्हणजे ती खुर्ची मिळाली तर ताईची नोकरी राहणार, नाही तर ताई घरी बसणार. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच्या पगारावर राहते. घरी बसली असती तर कुणाच्या घरी बसायचं, हे गणित तुम्हाला आणि मला सोडवायला लागलं असतं. ताईचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ती दोघांच्याही घरी बसली नसती.

अडचण अशी की ताई शाळेत गेलेली नाही. (तुम्ही पदवीपर्यंत गेलात, मी सातवीपर्यंत, आणि दोघांचेही डबे तिनं भरले.) शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे तिला येतात, कारण ते फोनवर असतात. त्यापुढची संख्या तोंडानं येते, हातानं येत नाही. याचा उलगडा झाला तो एका चिठ्ठीवरून. जुने स्टोअरकीपर दात काढायला गेले होते आणि ताईला सांगून गेले की शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंची तीनशे चार बटणं आहेत, तेवढी चिठ्ठी लिहून ठेवा. ताईनं डबीवर छापलेल्या १०० वरून तीनशेचे ३०० लिहिले आणि त्याला लागून चार लिहिले. झाले ३००४. आता ज्यानं कधी शिकलेलं नाही त्यानं दुसरं काय लिहावं? ऐकलं तसं लिहिलं. माल पाठवणाऱ्यानं चिठ्ठी वाचली आणि तीन खोके, वर एका पाकिटात चार सुटी बटणं, असं व्यवस्थित रवाना केलं. त्या बाईंचं दुकान आपल्या जुन्या माडीवरच्या कपाटाएवढं आहे. त्यांनी एक खोका दारात अडकवून, म्हणजे तो आत जाईना आणि बाहेर येईना अशा स्थितीत ठेवून, कारखान्याला निरोप पाठवला की बटणं पोचली, आता त्या बटणांपुरते शर्टही पाठवा.

साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. ते म्हणाले, मोजण्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही, हे मला माहीत आहे, पण गोदामात लिहावं लागतं. एक महिना देतो. परीक्षा घेईन. जमलं तर खुर्ची तुमची, नाही तर बाहेरचा माणूस येईल. ताई तिथून निघाली ती सरळ माझ्या खात्यात आली आणि म्हणाली, "मिस्त्री, तुला सगळं येतं म्हणतोस. हे येतं का?" (मिस्त्री हे तिनं मला चिडवायला ठेवलेलं नाव. मी ते पदवी म्हणून घेतो.) मी म्हणालो, सोपं आहे. तुम्ही अंकांचं पुस्तक पाठवतो म्हणालात तेव्हा मी नको म्हणालो ते यासाठी. पुस्तकातलं चित्र हातात धरता येत नाही. मी चौकट करायचं ठरवलं.

लाकूड जुन्या दाराचं घेतलं, कारण ते मुरलेलं असतं आणि पुढे वाकत नाही. लांबी चौसष्ट सेंटीमीटर, उंची बेचाळीस, जाडी दीड. आत चार घरं: हजार, शतक, दशक, एकक. प्रत्येक घराला नऊ खाचा, प्रत्येक खाचेत एक लाकडी चकती बसते. नऊच, दहावी नाही. दहावी चकती आली की तिला जागा नसते, मग त्या दहाही चकत्या काढून शेजारच्या घरात एक टाकायची. मला वाटतं, जगात कुणी खाचांनी ही गोष्ट इतक्या स्वच्छ सांगितली नसेल. वर एका बंद पडलेल्या यंत्राची पोलादी दांडी आडवी बसवली, तिला पॉलिश मारलं, आणि तिच्यावर अंकांच्या पाट्या अडकवायची सोय केली, म्हणजे खाली जितक्या चकत्या तितक्याचा अंक वर टांगायचा. घरांची नावं शतक, दशक वगैरे मी माझ्या बाजूनं वळणदार अक्षरात लिहिली. ताईच्या बाजूनं लिहिली नाहीत, तिला वाचता येत नसल्यानं रंग फुकट गेला असता. चौकट टेबलाच्या मधोमध उभी राहते. एका बाजूला ताई, समोर मी. तिला काय दिसतं आहे ते मला मान न वळवता कळावं, म्हणून प्रत्येक पाटीवर मी तोच अंक पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी रंगवला. सातची पाटी तिकडूनही सात, इकडूनही सात. सत्तावीस पाट्या, चौपन्न अंक, तीन हात रंग. या दुहेरी रंगाचा मला त्या वेळी किती अभिमान वाटला होता ते मी इथे लपवत नाही.

तुम्ही गणित शिकलेले आहात, म्हणून तुमच्या लक्षात आलंच असेल. आलं असेल तर कृपा करून थोडं थांबा. मला ते यायला बावीस दिवस आणि एक परीक्षा लागली.

शिकवणी रोज पाळी सुटल्यावर साडेपाच ते साडेसहा, आमच्या पुढच्या खोलीत. पहिला आठवडा मी तिला दहाचं तत्त्व शिकवलं. सात हा सातच असतो, मी सांगितलं, पण एककाच्या घरात बसला तर तो सातच, दशकाच्या घरात बसला तर सत्तर, आणि शतकाच्या घरात सातशे. अंक तोच, बसायची जागा बदलली की किंमत बदलते. ताई गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. मग तिनं विचारलं की तुझं दशक म्हणजे आमचा पुठ्ठाच ना. मी म्हणालो, तत्त्वतः हो. आणि शतक म्हणजे डबी? मी म्हणालो, तसं म्हणायला हरकत नाही, पण एकक, दशक, शतक म्हणायची सवय कर. ती म्हणाली, "दहा झाले की पुठ्ठा, दहा पुठ्ठे झाले की डबी. हे तू मला शिकवतोयस? तू कामाला लागलास तेव्हा मी सहा वर्षं तेच करत होते." हे खरं होतं. पण पाठ्यक्रम ठरलेला होता, त्यामुळे मी आणखी पाच संध्याकाळी तेच शिकवलं. ही आतून म्हणाली की ताईंना चहा तरी द्या, पाहुण्या आल्यासारख्या बसल्यात बिचाऱ्या.

दुसऱ्या आठवड्यात शून्याचा प्रसंग घडला, तोही सांगतो, कारण ताईनं तुम्हाला तो नक्कीच सांगितला असणार आणि झाकणाचा उल्लेखही केला असणार. मी शून्याची पाटी केली नव्हती. एकपासून नऊपर्यंतच्या प्रत्येकी तीन, म्हणून सत्तावीस. (चार घरांना प्रत्येकी चार का नाहीत, असं विचाराल तर फळी संपली.) जिथे काही नाहीच तिथे पाटी कसली टांगायची, असा माझा विचार होता, आणि तो विचार म्हणून आजही मला चुकीचा वाटत नाही. मी शतकाच्या घरावर तीन टांगले, एककावर चार, मधलं घर रिकामं, आणि चौकट खिडकीजवळ न्यायला उचलली. दांडीला मी पॉलिश कसं मारलं होतं ते वर आलंच आहे. चौकट जराशी कलली आणि तीनची पाटी घसरत जाऊन चारच्या पाटीला टेकली. ताईनं पाहिलं. म्हणाली, "तीनशे चार होते ना? आता शेजारी शेजारी बसले, चौतीस झाले. बाकीचे दोनशे सत्तर कुठे सांडलेस, मिस्त्री?" मी पाटी सरकवून जागेवर नेली. ती परत घसरली. तेव्हा ताई स्वयंपाकघरात गेली, हिच्याकडून एका रिकाम्या डब्याचं गोल झाकण घेऊन आली, त्याला भोक पाडून ते मधल्या घरावर अडकवलं, आणि मला सांगितलं की खोक्यात एखादी डबी कमी पडली तर आम्ही तिथे मोकळी डबी भरतो, नाही तर बाकीच्या घसरतात आणि पुठ्ठे मोडतात. रिकामं असलं तरी जागा धरून ठेवायला लागते. हे मी इतक्या विस्तारानं लिहितो आहे ते केवळ प्रामाणिकपणापायी. दुसऱ्या दिवशी मी शून्याच्या तीन पाट्या केल्या, कंपासानं, अंडाकृती नव्हे, बरोबर वर्तुळ. ताईनं त्या पाहिल्या, छान आहेत म्हणाली, आणि झाकणच वापरत राहिली.

कागद आणि पेन्सिल मी शेवटपर्यंत येऊ दिली नाही. आधी हात, मग डोळा, मग कागद, असा क्रम मी ठरवला होता. बावीस दिवस मी संख्या सांगायचो, ती चकत्या मांडायची, पाट्या टांगायची, आणि सगळं बरोबर यायचं. माझ्या बाजूनं बघितलं तर प्रत्येक वेळी, एकही अपवाद न होता, बरोबर. बाविसाव्या दिवशी कागद काढला. मी सांगितलं, दोनशे सत्तेचाळीस. ताईनं जीभ दातांत धरून लिहिलं. कागद तिच्यासमोर होता, मी टेबलाच्या पलीकडे, म्हणजे माझ्या बाजूनं कागद उलटा. आता दादा, दुरुस्ती खात्यातल्या माणसाला उलटे आकडे वाचायची सवय असते. यंत्राखाली पाठीवर पडून मी आयुष्यभर नंबर वाचत आलो आहे. मी बसल्या जागेवरून, कागदाला हात न लावता, उलट वाचलं: दोन, चार, सात. बरोबर. एकूण आठ संख्या घातल्या, त्यातल्या दोन ५५५ आणि ८०८ होत्या. आठही बरोबर. मी तिला सांगितलं की तुझी तयारी झाली, आणि हिला हाक मारून सांगितलं की आता चहा आण.

परीक्षेच्या दिवशी गोदामाच्या दाराची वरची बिजागरी करकरत असल्याची तक्रार आली, म्हणून मी शिडी घेऊन तिथे होतो. (तक्रार मीच नोंदवली होती.) आत साहेब, जुने स्टोअरकीपर आणि ताई. साहेबांनी एका फळीकडे बोट दाखवलं. दोन डब्या, चार पुठ्ठे, वाटीत सात सुटी. किती? ताईनं पापणी लवायच्या आत सांगितलं, दोनशे सत्तेचाळीस. साहेब म्हणाले, लिहा. ताईनं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. साहेबांनी वाचला. जुन्या स्टोअरकीपरनी चष्मा पुसून वाचला. साहेब म्हणाले, "बाई, हे सातशे बेचाळीस झालं."

"कुठून वाचलंत?" ताईनं विचारलं.

"कुठून म्हणजे काय? डावीकडून."

"सगळे डावीकडूनच वाचतात?"

"सगळे."

ताईनं पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं मान वर करून शिडीकडे पाहिलं. "मिस्त्री," ती म्हणाली, "तू रोज कुठे बसायचास?" मी म्हणालो, समोर. "तुझं डावं ते माझं कोणतं?" मी म्हणालो, उजवं. ती नुसतं "हं" म्हणाली. दादा, त्या एका अक्षरात जे होतं ते मी बावीस दिवसांत शिकवू शकलो नसतो. पाट्या दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या असल्यानं प्रत्येक अंक तिला सरळच दिसत होता, फक्त ओळ तिच्या बाजूनं फिरलेली होती. माझं एकक माझ्या उजवीकडे, म्हणजे तिच्या डावीकडे. ती बावीस दिवस सुट्या बटणांपासून सुरुवात करायला शिकली होती, आणि तिला शंका येण्याचं कारणही नव्हतं, कारण आपण बोलताना सत्तेचाळीस असंच म्हणतो, सात आधी. आणि कागद मी उलटा वाचला तेव्हा उलट्याचं उलट होऊन माझ्यापुरतं सुलट झालं. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. सगळं अत्यंत काटेकोर होतं, फक्त चुकीच्या बाजूनं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते म्हणाले की वाईट वाटतं, पण दोनशेचे सातशे झाले तर गोदाम चालणार कसं. कागदावर त्यांनी एक रेघही मारली. शिडीवर माझा हात तेलाच्या डबीत होता आणि तिथेच राहिला. त्या क्षणी मला ताईचे गुडघे दिसत होते. टेबलापाशी ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती, कारण परीक्षा असली तरी कुणी तिला खुर्ची दिली नव्हती. तिनं आवाज चढवला नाही. विचारलं, "मोजणीत चूक आहे का, साहेब?" ते म्हणाले, मोजणीत नाही. "मग आणखी दहा विचारा. फक्त तुम्ही माझ्या बाजूला येऊन उभे राहा."

साहेब टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी गेले. दहा विचारल्या. ताई प्रत्येक वेळी आधी पेन्सिल डावीकडे टेकवायची, ओठांत डबी, पुठ्ठा, सुटं असं काहीतरी म्हणायची, आणि मोठ्यापासून लिहीत जायची. दहाच्या दहा बरोबर. त्यात तीनशे चारही होते. मधे शून्य काढताना तिनं ते जरा जास्तच दाबून काढलं. शेवटी साहेबांनी विचारलं, नऊशे नव्याण्णव बटणं आहेत आणि कुणीतरी एक सुटं आणून टाकलं, तर? पॅकिंगमधल्या बाईला हा प्रश्न म्हणजे रोजचं दुपारचं काम. ती म्हणाली, सुट्यांचा पुठ्ठा होईल, पुठ्ठ्यांची डबी, डब्यांचा खोका. एक खोका, बाकी तिन्ही घरं मोकळी, पण त्यांना झाकणं ठेवायची. आणि लिहिलं १०००. झाकणं म्हणजे काय ते साहेबांना कळलं नाही. जुन्या स्टोअरकीपरनी कळल्यासारखी मान हलवली, आणि ती त्यांना महागात पडली, कारण ताईची नजर त्यांच्या उघड्या रजिस्टरवर गेली. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "बाबूजी, हा माल मीच भरला होता. एक खोका आणि सहा पुठ्ठे. डबी एकही नाही, सुटं एकही नाही. तुम्ही १६० लिहिलंय. मधलं झाकण राहिलं तुमचं." बाबूजींना खोकला आला. त्यांचे दात नुकतेच काढलेले, त्यामुळे खोकल्याला शिटीसारखा आवाज होता. साहेबांनी मागची चार पानं चाळली. प्रत्येक पानाला ते थोडे गंभीर होत गेले. चौथ्या पानानंतर त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून ताईला बसायला दिली.

तर दादा, खुर्ची मिळाली ती अशी. त्यानंतरच्या एक तारखेपासून ताई स्टोअरकीपर आहे. टेबल खिडकीपाशी, पायांखाली ठेवायला एक चौरंगासारखं बैठं स्टूल (मी केलेलं, तेवीस सेंटीमीटर उंच, तिच्या गुडघ्यांचं माप घेऊन). परीक्षेच्या दिवशी घरी येताना मी तिला म्हणालो की शेवटी चौकटीचा उपयोग झाला. ती म्हणाली, झाला ना, ती नसती तर मी दुसरीच काहीतरी चूक केली असती. मी घरी येऊन हिला सगळं समजावून सांगितलं, चौकट टेबलावर ठेवून, दोन्ही बाजूंनी. हिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसायच्या जागेवरून किंमत ठरते, हे तुम्हीच शिकवत होतात ना? मग आता ठरवा तुमची." मी कप उचलला. उत्तर होतं, पण चहा निवत होता.

ताईनं फोनवर जे सांगितलं आणि मी जे लिहिलं आहे, त्यात फरक फक्त क्रमाचा आहे, हे तुमच्यासारख्या गणित शिकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मला कुणाकडून काही अपेक्षा नाही, काही तक्रार नाही, आणि या पत्रामागे हकिगत नीट नोंदली जावी यापलीकडे काही हेतू नाही. वहिनींना नमस्कार. नळाला नवा वायसर बसवा, नळ बदलू नका.

तुमचा,
धाकटा

ता. क. एक गोष्ट राहिली. ताईनं चौकट कारखान्यात मागवून घेतली आहे. जेवणाच्या सुट्टीत ती गोदामात पॅकिंगमधल्या सात बायकांना संख्या लिहायला शिकवते. वर्ग भरण्याआधी तिनं रंगाऱ्याकडून सगळ्या पाट्यांची मागची बाजू काळी करून घेतली. शून्यं धरून तीस अंक, तीन हात रंग. मला विचारलं नाही. आता सगळ्या जणी एकाच बाजूला बसतात, ताईसुद्धा, आणि पलीकडे कुणालाही बसू देत नाही. सहाव्या दिवशी सातही जणींना तीनशे चार लिहिता आले असं ऐकतो. मी बावीस दिवस घेतले होते, पण माझी एकच विद्यार्थिनी होती.

ता. क. दुसरी. मुख्य गोष्ट ही, जी वर लिहायची नव्हती. ताईनं त्या वर्गाला मदतीसाठी मला बोलावलं होतं, सातही जणींच्या देखत, आणि मी नाही म्हणालो. कारागिराला नाही म्हणावं लागतं. त्यानंतरच्या नऊ दिवसांत मी गोदामाच्या दाराला चार वेळा तेल घातलं. दार करकरत नाही. चारही वेळा ताईनं वर बघून पुन्हा खाली बघितलं, आणि परत विचारलं नाही. तुम्ही थोरले, तुमचं ती ऐकते. फोन करून तिला सुचवा की एकदा आणखी विचारून बघ. सुचवणं तुमचंच वाटू द्या. मी रीतीप्रमाणे पुन्हा एकदा नाही म्हणेन, पण ते शेवटचं नाही असं तिनं समजून घ्यावं, एवढं तिच्या कानावर घाला. गुरुवारपर्यंत जमलं तर बरं, कारण गुरुवारी हजारापुढचं घर सुरू होणार आहे आणि चौकटीला ते नाही. कुणीतरी जोडून द्यायला लागेल.

ता. क. तिसरी. मी नेमकं काय नाकारलं ते तुम्ही विचाराल, म्हणून नोंदीपुरतं लिहितो. काम: पाट्या टांगणं आणि चकत्या उचलणं. बसायची जागा: विद्यार्थिनींच्या बाजूला, शेवटच्या बाकावर. अट: बोलायचं नाही. मानधन ताई स्वतःच्या पगारातून देणार होती. रोजचे पंधरा रुपये, आणि चहा.